रेल्वे लाइन्समधला नव्यानं सजवलेला चार बेडरूमचा फ्लॅट: आत काय, वर काय, शेजारी काय

सोलापूरच्या रेल्वे लाइन्स भागात, महापालिकेच्या इंद्रभुवनपासून चालत सात-आठ मिनिटांवर १९९४ सालची एक इमारत आहे. खाली पार्किंग, वर चार मजले. सगळ्यात वरच्या मजल्यावरचे दोन टू बीएचके एक करून चार बेडरूमचा 'लक्झरी' फ्लॅट केलाय आणि तो विकायला काढलाय. मागणी ९२ लाख. जाहिरातीत १,८५० चौरस फूट लिहिलंय, मोजपट्टी लावली की कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली वापरायची जागा, भरते १,३१०. जाहिरातीच्या आकड्यानं दर पाच हजारांच्या आत दिसतो, कार्पेटवर तोच सात हजारांच्या वर जातो. तुलना करायची ती कार्पेटवरच.

आतलं काम देखणं झालंय, त्यात शंका नाही. पण पैसा सगळा उंबऱ्याच्या आत लागलाय. गच्ची, पाण्याच्या टाक्या आणि कागदपत्रं १९९४ चीच आहेत. वरच्या मजल्यावरच्या माणसाला सोलापुरात याच तीन गोष्टींवर दिवस काढायचे असतात, म्हणून सुरुवात गच्चीपासून.

एप्रिल-मे मध्ये इथं पारा ४२ च्या पुढे जातो. जुन्या वाड्यांना माळवद होतं, हात-दीड हात मातीचा थर, त्यामुळे दुपारी घरात गार लागायचं. इथं डोक्यावर पाच इंचांचा स्लॅब आणि त्यावर मूळचा विटांच्या तुकड्यांचा कोबा आहे. कोबा ठिकठिकाणी तडकलाय. पॅरापेटच्या कडेला जिथं कोबा भिंतीवर गोल चढवलेला असतो, त्या वाट्याला बोटभर फट आहे. पाणी शिरतं ते बहुतेक तिथूनच. घरात याचा मागमूस दिसत नाही, कारण सगळीकडे फॉल्स सीलिंग आहे.

मुख्य बेडरूमच्या वायव्य कोपऱ्यातला डाउनलाइट दोन्ही बाजूंच्या स्प्रिंग दाबून खाली ओढा आणि भोकातून मोबाइलचा टॉर्च वर मारा. स्लॅबवर ताटाएवढं तपकिरी कडं दिसतं, मध्ये पांढरा क्षार फुटलाय आणि जिप्सम बोर्डाची पाठ पिवळी पडलीय. सळई अजून उघडी पडलेली नाही, गंजाची रेघही नाही. म्हणजे दुखणं सुरुवातीचं आहे. पण रंगकाम उन्हाळ्यात झालंय आणि सोलापूरचा मोठा पाऊस सप्टेंबरात येतो. खालून रंग कितीही चांगला असला तरी तो एक पावसाळा काढल्याशिवाय खरा धरू नये.

दुरुस्तीत एक चूक सर्रास होते. जुन्या कोब्यावरच नवा कोबा ओततात. साडेचार इंची कोब्याचं वजन चौरस मीटरला दोनशे किलोंच्या पुढे जातं. तीस वर्षांच्या स्लॅबवर ते दुप्पट करणं धोक्याचं आहे, शिवाय दोन थरांमध्ये कोंडलेलं पाणी वर्षभर खाली झिरपत राहतं. जुना कोबा काढायचा, स्लॅबच्या चिरा भरायच्या, वॉटरप्रूफिंगचे दोन हात द्यायचे, शंभरात एक इंच उतार धरून नवा कोबा करायचा आणि वर पांढरी चायना मोझॅक, म्हणजे चिनी मातीच्या टाइलचे तुकडे, बसवायची. मग ४८ तास पाणी तुंबवून बघायचं. पांढऱ्या पृष्ठभागानं ऊनही परततं. आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांप्रमाणे, गच्चीच्या गळतीचा खर्च सोसायटीचा असतो, वरच्या मजल्यावरच्या एकट्याचा नाही. तेव्हा सौद्याआधी सोसायटीच्या सभेचा ठराव मागा. 'करू की पुढच्या वर्षी' या तोंडी शब्दावर जाऊ नका.

आता पाणी. शहराला उजनीचं पाणी शंभराहून जास्त किलोमीटरवरून येतं आणि नळ रोज सुटत नाही. इमारतीत पंधरा बिऱ्हाडं आहेत. घरटी चार माणसं आणि माणशी १३५ लिटर धरले तर रोजची गरज ८,१०० लिटर. खालचा हौद १५,००० लिटरचा, गच्चीवरच्या टाक्या मिळून ८,०००. म्हणजे सगळं भरून ठेवलं तरी तीन दिवस पुरत नाही. पाळी चार दिवसांआड गेली की चौथ्या दिवसापासून बोअर किंवा टँकर. आणि याच फ्लॅटमध्ये छतातून पडणारा रेन शॉवर बसवलाय! मिनिटाला बारा लिटर घेतो. दहा मिनिटं उभं राहिलं की १२० लिटर गेले, जवळजवळ एका माणसाचा दिवसभराचा वाटा.

तो शॉवर धड चालतही नाही. टाकीचा तळ गच्चीपासून पाच फुटांवर, शॉवर गच्चीच्या साधारण तीन फूट खाली. आठ फुटांच्या उंचीनं पाव बारही दाब मिळत नाही, शॉवरला निदान एक बार लागतो. प्रेशर पंप हवा आणि तो फक्त या फ्लॅटच्या लाइनवर. सामाईक लाइनवर बसवला तर खालच्यांचं पाणी ओढलं जातं आणि भांडण ठरलेलं.

बोअरचं पाणी जड आहे. काचेच्या पार्टिशनवर आत्ताच पांढरे थेंब वाळलेत. हेच क्षार भिंतीतल्या डायव्हर्टरच्या (गरम-गार पाणी मिसळून शॉवरकडे वळवणाऱ्या नळाच्या) कार्ट्रिजमध्ये बसतात आणि दीड-दोन वर्षांत मूठ फिरेनाशी होते. कार्ट्रिज बदलता येतं, पण त्यासाठी बॉडी कुठल्या कंपनीची आणि कुठल्या मॉडेलची ते माहीत हवं. नाहीतर टाइल फोडायची वेळ येते. विकणाऱ्याकडून बिलं घ्या, नुसता ब्रँड ऐकून भागत नाही. गीझरचं एलिमेंट वर्षातून एकदा काढून साफ करावं लागेल. सॉफ्टनर बसवायला कोरड्या बाल्कनीत जागा आहे, ड्रेनही जवळ आहे. पण त्याचं रेझिन मिठाच्या पाण्यानं धुताना पाणी वाया जातं, हे टंचाईच्या हिशोबात धरा.

बाथरूमचं मूळ काम चांगलं आहे. जुने जीआय (लोखंडी) पाइप काढून सीपीव्हीसी (प्लास्टिकचे) टाकलेत, नहाणी ट्रॅप नवे आहेत. बादलीभर पाणी ओतलं तर दोन बाथरूममध्ये मिनिटाच्या आत निचरा होतो. तिसऱ्यात, पाहुण्यांच्या खोलीला लागून आहे त्यात, कमोडमागे थारोळं राहतं. उतार उलटा गेलाय. तिथं टाइल उचलण्यावाचून इलाज नाही. भिंतीला टांगलेल्या कमोडची फ्रेम खाली स्लॅबला बोल्टनं धरलीय का, हे विचारून घ्या. चार इंची भिंतीवर नुसती अडकवलेली फ्रेम वर्षभरात हलायला लागते, मग कमोड आणि टाइलमधला सिलिकॉन फाटतो आणि पाणी खालच्या घरात उतरतं.

फरशीकडे वळू. जुन्या मोझॅकवरच ८०० बाय १६०० मिलिमीटरच्या व्हिट्रिफाइड टाइल चिकटवल्यात. फरशी जवळजवळ इंचभर वर आलीय, त्यात फॉल्स सीलिंगनं सात इंच खाल्लेत, त्यामुळे मूळची साडेनऊ फुटांची उंची आठ फूट दहा इंचांवर आलीय. पंख्याखाली हात वर करून सदरा काढताना जपावं लागेल. टाइल कशी बसवलीय ते कळायला रुपयाचं नाणं पुरे. चार कोपरे आणि मध्य ठोकायचा. हॉलमध्ये पश्चिमेच्या खिडकीजवळच्या सात टाइल पोकळ वाजतात. चिकटवणारा माल दातेरी थापीनं सगळीकडे ओढायचा सोडून पाच ठिकाणी गोळे मारले की असं होतं. त्यात दोन टाइलमध्ये स्पेसर न टाकता अगदी भिडवून बसवल्यात, आणि दुपारचं ऊन याच पट्ट्यावर येतं. टाइल तापून फुगते, सरकायला जागा नसते, मग मे महिन्यात एखाद्या दुपारी फटाक्यासारखा आवाज होऊन दोन टाइल तंबूसारख्या उभ्या राहतात. एवढ्या सात टाइल काढून दोन मिलिमीटरची फट ठेवून परत बसवून मागा, आणि त्याच लॉटच्या दहा टाइल राखीव ठेवायला सांगा. पुढच्या लॉटमध्ये रंगाची छटा जुळत नाही.

स्वयंपाकघर कॅटलॉगमधून उचललेलं आहे. पांढरा क्वार्ट्झ ओटा, काचेचा चार बर्नरचा हॉब, हँडल नसलेली कपाटं. फोटोत फार छान. पण सोलापूरच्या घरात रोज ज्वारीची भाकरी होते. भाकरी तव्यावरून उतरून थेट जाळावर फुगवायची, तर मोकळा मोठा जाळ आणि भक्कम स्टँड लागतो. इथल्या हॉबचे मधले दोन बर्नर बारीक, बाजूचा मोठा बर्नर भिंतीच्या इतका जवळ की चौदा इंची तवा भिंतीच्या काचेला टेकतो. पिठाची भुकटी बर्नरच्या भोकात बसते ती वेगळीच. तापलेला तवा क्वार्ट्झवर ठेवला की आतलं राळ पिवळं पडतं आणि तो डाग पुसला जात नाही. हळदीचंही तसंच. काळा ग्रॅनाइट असता तर हा प्रश्नच आला नसता. शेंगाची चटणी कुटायची तर खलबत्ता खाली फरशीवर घ्या. हॉबच्या कापाजवळ ओट्याला खालून आधार नाही, ठोके बसून तिथंच चीर जाते. कोरड्या बाल्कनीत साध्या शेगडीसाठी गॅसचा एक पॉइंट काढून घेतला तर या घरातल्या बाईचा रोजचा त्रास वाचेल. हे काम एका दिवसाचं आहे आणि आम्ही ते पहिल्या आठवड्यात करायला सांगू.

कपाटांचं प्लायवूड मात्र अस्सल आहे. सिंकखालचं शटर उघडून कडेला बघितलं तर आयएस ७१०चा शिक्का दिसतो, म्हणजे पाण्याला टिकणारं. चिमणीचं पाइप दोन वळणं घेऊन इमारतीच्या डक्टमध्ये सोडलंय. तिथून धूर खालच्यांच्या बाथरूमच्या खिडकीत जातो. बाहेरच्या भिंतीतून सरळ काढायला हवं होतं.

विजेचं काम तपासण्यासारखं आणि बऱ्यापैकी पास होण्यासारखं आहे. एसी आणि गीझरला ४ चौरस मिलिमीटरची वायर, सॉकेटला अडीचची, करंट गळला की वीज तोडणारा आरसीसीबी ३० मिलिअँपियरचा. त्याचं टेस्ट बटण दाबलं की लगेच पडतो. अर्थिंगचा खड्डा पार्किंगमध्ये आहे आणि उन्हाळ्यात कोरडा पडतो. मुरमाड जमिनीत ओल गेली की अर्थिंग नावापुरतं उरतं, महिन्यातून दोनदा बादलीभर पाणी ओतायची जबाबदारी वॉचमनवर टाका. एसीची चूक मोठी आहे. तीन आउटडोअर युनिटं तीन फुटी डक्टमध्ये एकावर एक टांगलीत. खालच्याची गरम हवा वरचा ओढतो, आणि बाहेर ४२ अंश असताना वरचं युनिट ट्रिप होतं. १४ बाय २३ च्या हॉलला पश्चिमेची खिडकी आणि तापणारा स्लॅब असताना दोन टन पुरत नाहीत. युनिटं गच्चीवर न्या, कॉपर पाइपची लांबी वाढेल तेवढा गॅस भरून घ्या.

दोन्ही फ्लॅटचे वीजमीटर वेगळे आहेत. एकत्र केले तर उन्हाळ्याचं बिल ५०० युनिटांच्या वरच्या स्लॅबमध्ये जातं, हे आधीच धरून चाला. दोन फ्लॅटमधली जी भिंत पाडली ती आरसीसी फ्रेममधली भरावाची नऊ इंची भिंत होती. बीम आणि कॉलमला हात लागलेला दिसत नाही. तरी स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला आणि सोसायटीचं ना हरकत पत्र कागदावर हवं. इमारतीनं तिशी ओलांडलीय, आदर्श उपविधींप्रमाणे आता दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट लागतं. शेवटचा अहवाल मागून वाचा.

लिफ्ट नंतर बसवलीय, जिन्याच्या बाहेरून. ती मजल्यावर थांबत नाही, मधल्या लँडिंगला थांबते. तिथून नऊ पायऱ्या चढायच्याच. गुडघे दुखणाऱ्या आजी-आजोबांसाठी 'लिफ्ट आहे' हे वाक्य इथं अर्धंच खरं आहे. स्ट्रेचर तर आत मावतच नाही.

कागदांचं ओझं दुप्पट आहे: दोन शेअर सर्टिफिकेट, मिळकत कराच्या दोन नोंदी, दोन मेंटेनन्स. मत मात्र एकच, कारण सहकारात एक सदस्य एक मत. इमारतीचं कन्व्हेयन्स झालेलं नाही, जमीन अजून मूळ मालकांच्या नावावर आहे. उद्या पुनर्विकासाचा विषय निघाला तर आधी मानीव अभिहस्तांतरण (डीम्ड कन्व्हेयन्स, मालकाच्या सहीशिवाय जमीन सोसायटीच्या नावावर करणं) करावं लागेल. १९९४ ची इमारत म्हणजे रेरा नोंदणी शोधण्यात अर्थ नाही आणि रेरातली पाच वर्षांची दोषदुरुस्तीही इथं लागू नाही. म्हणून वॉटरप्रूफिंग, टाइल आणि फिटिंगच्या हमीपत्रांवर तुमचं नाव चढवून घ्या.

मुद्रांक शुल्क महापालिका हद्दीत ६ टक्के, म्हणजे ९२ लाखांवर ५ लाख ५२ हजार. खरेदी फक्त बायकांच्याच नावानं असेल तर एक टक्का सवलत, ९२ हजार वाचतात. नवऱ्याचं नाव जोडलं की सवलत गेली. नोंदणी शुल्क ३० हजार, पण दोन खरेदीखतं केली तर दोनदा. किंमत ५० लाखांच्या पुढे असल्यानं घेणाऱ्यानं एक टक्का टीडीएस कापून भरायचा असतो. विसरलात तर व्याज आणि दंड तुमच्याच माथी. सोसायटी हस्तांतरणाचं प्रीमियम २५ हजारांहून जास्त घेऊ शकत नाही. एप्रिल २०२५ मध्ये रेडी रेकनर, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठीचा सरकारी दर, वाढला तेव्हा सोलापूर महापालिका हद्दीतली वाढ १०.१७ टक्के होती, राज्यात सर्वाधिक. तेव्हा जुन्या दरानं काढलेला हिशोब कुणी दाखवला तर तो परत करून घ्या.

आता शेजार, आणि इथं हा फ्लॅट खरोखर उजवा ठरतो. स्टेशन पायी दहा-बारा मिनिटं. मुंबईची वंदे भारत फेब्रुवारी २०२३ पासून सुरू आहे, पुण्याला सकाळची हुतात्मा एक्स्प्रेस आहेच. महापालिका, डफरिन चौक, सात रस्ता, पार्क स्टेडियम, हुतात्मा स्मृती मंदिर, सगळं टप्प्यात. जुळे सोलापूर किंवा सैफुलला याच पैशात नवी इमारत आणि मजल्यावर थांबणारी लिफ्ट मिळेल, पण तिथं दुधाच्या पिशवीलाही गाडी काढावी लागते, असं इथले जुने रहिवासी सांगतात ते अगदीच खोटं नाही.

पण रेल्वे लाइन्स पूर्वीची राहिलेली नाही. मोठ्या आवाराचे बंगले, कडुनिंब, दगडी कुंपणं ही या भागाची ओळख होती. एकेक बंगला जातोय आणि त्या जागी हॉस्पिटल, लॅब, स्कॅन सेंटर उभं राहतंय. कलबुर्गी, विजयपूर, धाराशिवहून रुग्ण येतात. सकाळी दहा ते दुपारी दोन आणि संध्याकाळी सहा ते नऊ रस्त्याच्या दोन्ही कडा गाड्यांनी भरलेल्या. इमारतीच्या फाटकासमोर दुचाकी लागली नाही असा दिवस नाही. फ्लॅटला पार्किंग एकच, दोन कॉलममध्ये जेमतेम आठ फूट. मोठी एसयूव्ही आत शिरली तर दार उघडत नाही. रात्री दहानंतर मात्र गल्ली शांत असते आणि मेडिकल चोवीस तास उघडं, ही म्हाताऱ्या माणसांच्या घराला मोठी सोय.

हॉलच्या उत्तरेच्या खिडकीतून शेजारच्या बंगल्याचा कडुनिंब दिसतो, जाहिरातीत पहिला फोटो त्याचाच आहे. तो बंगला विकला गेला तर खिडकीसमोर बाजूच्या मार्जिनएवढ्या अंतरावर भिंत येईल, किंवा जनरेटरचं धुराडं. महापालिकेच्या नगररचना विभागात त्या प्लॉटवर परवानगीचा अर्ज आहे का ते विचारता येतं. त्याच फेरीत रस्तारुंदीची रेषाही बघून घ्या. जुना पुणे नाका ते पत्रकार भवन आणि जुना बोरामणी नाका ते मोरारका बंगला या दोन उड्डाणपुलांचे आराखडे शहराच्या मध्यातून जातात, आपल्या फाटकाचा त्यांच्याशी संबंध नाही हे कागदावर पाहिलेलं बरं.

जानेवारीत सिद्धेश्वरांची गड्डा यात्रा. अक्षता सोहळा, होम आणि शोभेचं दारूकाम या दिवसांत होम मैदानाकडचे रस्ते वळवले जातात, डफरिन चौकापर्यंत गाडी नेणं कठीण होतं. त्या आठवड्यात घर बदलायचं सामान मागवू नका. गच्चीवरून मात्र दारूकाम दिसतं.

९२ लाखांना हा फ्लॅट महाग आहे. गच्चीचा ठराव झाला, दोन्ही फ्लॅट एकत्र केल्याचे कागद मिळाले आणि हौदाशेजारी आणखी १०,००० लिटरची टाकी बसवायला सोसायटी तयार झाली, तर ८४-८५ लाखांपर्यंत जायला हरकत नाही. ठराव होत नसेल तर बयाणा देऊ नका, पहिला मोठा पाऊस पडून जाऊ द्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी वायव्य कोपऱ्यातला तोच डाउनलाइट पुन्हा खाली ओढून बघा.